मी वाचून दाखवला

फर्मला दस्तांचे साचे तयार करून देण्याच्या बदल्यात मसुदाबाईंना मिळायचं होतं ते असं: दारावरच्या पितळी पाटीवर नाव, खिडकी असलेली खोली, आणि मुलगी जागी असताना घरी पोचणं. यातलं तिसरं जावईबापूंनी हसत हसत वरून घातलं होतं, दुकानदार मापानंतर चिमूटभर टाकतो तसं. पहिली दोन मात्र तोलूनमापून. "सगळे साचे चालायला लागले की पाटी बदलू," असं त्यांचं वाक्य होतं. आता 'सगळे' म्हणजे किती आणि 'चालायला लागले' हे ठरवणार कोण, हे दोन प्रश्न मसुदाबाईंनी दुसऱ्या कुणाच्या करारात तांबड्या शाईनं विचारले असते. पण शिंप्याच्या अंगातला सदरा उसवलेलाच असतो.

मसुदाबाई हे अर्थात जन्माचं नाव नव्हे. वकिलांच्या फर्ममध्ये कोर्टात बोलणारे वेगळे आणि कागद लिहिणारे वेगळे. बोलणाऱ्यांना नाव मिळतं, लिहिणारीला टोपणनाव. भाडेकरार, मृत्युपत्र, वाटणी, भागीदारीची मोडतोड, माणसं एकमेकांचं जे काही भलंबुरं कागदावर करतात त्याचा पहिला मसुदा या बाईंच्या टेबलावर व्हायचा. जावईबापूंचंही तसंच. फर्म उभी केली त्यांच्या सासऱ्यांनी, थोरल्या साहेबांनी. यांना ती मुलीबरोबर मिळाली. तोंडावर सगळे 'सर' म्हणत, पाठ फिरली की जावईबापू.

थोरल्या साहेबांची एक रीत होती. कागद तयार झाला की सही करणाऱ्या सगळ्यांना मागच्या खोलीत बसवायचं, दार लावायचं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचं. प्रत्येक कलमानंतर थांबून विचारायचं, "समजलं?" वाचताना त्यांचा एक डोळा कागदावर आणि दुसरा माणसांच्या पायांवर. तोंड सांभाळता येतं, पाय सांभाळता येत नाहीत, असं ते म्हणत. एकदा एका बेकरीच्या दोन भागीदारांची फारकत होती. सगळं ठरलेलं, दोघं माना डोलावताहेत. 'भट्टीसह जागा' इथे साहेब आले आणि धाकट्या भागीदाराची चप्पल फरशीवर टपटप वाजायला लागली. साहेबांनी चष्मा काढला. "इथे काय बोचलं?" भट्टी त्याच्या आईचे दागिने मोडून घेतलेली होती, आणि हे तो भांडणाच्या भरात सांगायलाच विसरला होता. कागद फाडला, नवा लिहिला. ते दोघं अजून एकमेकांना पाव उधार देतात.

साहेबांची नजर अधू झाल्यावर वाचन मसुदाबाईंकडे आलं. प्रत्येक कागदाच्या शेवटी दोन वाक्यं असायची. एक सही करणाऱ्याचं: 'वरील दस्त मला मोठ्याने वाचून दाखवला, मला समजला व मान्य आहे.' त्याखाली वाचणाऱ्याचं: 'मी वाचून दाखवला.' आणि मसुदाबाईंची सही. घसा बसायचा, पण सही खरी असायची.

मग साहेब गेले आणि जावईबापूंनी साच्यांची टूम काढली. रोज तेच तेच कशाला लिहायचं, हे त्यांचं म्हणणं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. मसुदाबाईंनाही तेच तेच लिहून वीट आला होता. साचा करण्याचं तंत्र तसं सोपं. जुन्या फायली शेजारी शेजारी मांडायच्या. जे सगळ्यांत सारखं ते पक्कं करायचं. जे बदलतं तिथे रिकामी जागा ठेवायची आणि त्या जागेसाठी एक प्रश्न लिहायचा. अशिलानं घरबसल्या मोबाइलवर उत्तरं भरायची, इकडे कागद तयार. मसुदाबाईंनी साचे केले ते असे घट्ट की त्यात सुई शिरणार नाही. शेवटची दोन वाक्यं सगळ्या फायलींत सारखी होती, म्हणून तीही पक्की झाली. वाचणाऱ्याची सहीही सारखीच, म्हणून तिचं चित्र करून चिकटवलं. एका दुपारी मसुदाबाईंनी कोऱ्या कागदावर पाच-सहा सह्या करून दिल्या आणि त्यातली सुबक निवडली. वाचल्याचं वाक्य साच्यात आलं. वाचणं मात्र कुठल्याच फायलीत नव्हतं. ते मागच्या खोलीतल्या हवेत होतं. ते साच्यात यावं कसं?

पहिले काही दिवस वाचन चाललं. मग कागद इतके निघायला लागले की वाचायला माणूस पुरेना. एके दिवशी मागच्या खोलीत दोन मोठे प्रिंटर येऊन बसले. मसुदाबाई विचारायला गेल्या, तर जावईबापू म्हणाले, "अहो बाई, लोक शिकलेत आता. घरी वाचतात, मग सही करतात."

"पण खाली वाक्य आहे, सर. मी वाचून दाखवला म्हणून. माझी सही आहे."

"बघू ना. पुढच्या दुरुस्तीत बघू."

हे त्यांनी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण त्याच आठवड्यात पाटीवाला दाराची मापं घेऊन गेला होता.

मावशी आली ती सकाळी, ऑफिस नुकतं उघडलेलं असताना. ही मसुदाबाईंच्या आईची धाकटी बहीण. नवऱ्यामागे त्याच घराच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून बसलेली. गल्लीतल्या निम्म्या पडद्यांना आणि सगळ्या शाळेच्या गणवेशांना तिचा हात. मसुदाबाईंचा पहिला काळा कोट तिनेच शिवला होता, आतून दोन खिसे जास्त ठेवून. "वकिलाला लपवायला जागा लागते," म्हणाली होती. आज ती बाकावर अंग चोरून बसली होती आणि हातातली पिशवी मांडीवरून खाली ठेवत नव्हती.

"मावशी, तू इथे? फोन करायचास."

"तुझ्या ऑफिसचाच कागद आलाय म्हणून आले."

पिशवीत नोटीस होती. मावशीचा दीर घर विकत होता आणि मावशीनं पुढची खोली महिन्याभरात रिकामी करून द्यायची होती. नोटिशीला जोडलेला दस्त मसुदाबाईंनी उघडला. हिस्सा सोडल्याचा साचा. मावशीनं घरातला आपला सगळा हिस्सा दिराच्या नावे सोडला होता, काहीही राखून न ठेवता.

"मावशी, तू खोली पण सोडलीस?"

"मी कशाला सोडू? अगं, ठरलं होतं ना त्याचं माझं. मागचं सगळं त्याचं, पुढची खोली मी आहे तोवर माझी. तोच म्हणाला, वहिनी, तुमच्या भाचीच्या ऑफिसातच कागद करू, म्हणजे तुमच्याही मनाला घोर नको. इथे आले, तुला विचारलं, तर दाराजवळच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, बाई वर हॉलमध्ये आहेत, तुम्ही फक्त सह्या करा. मी केल्या."

"वाचलास का गं?"

मावशीनं भाचीकडे असं पाहिलं की जणू तिनं विचारलं, जेवताना तोंड उघडलंस का. "तुझा कागद मी वाचायचा?"

मसुदाबाईंनी शेवटचं पान उलटलं. मावशीची थरथरती सही. त्याखाली: 'मी वाचून दाखवला.' आणि त्याखाली त्यांची स्वतःची सही, सगळ्यांत सुबक आलेली. तो दिवस त्यांना आठवला. त्या वरच्या हॉलमध्ये दुसऱ्या फर्मच्या वकिलांना साचे दाखवत होत्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच वेळी खाली त्यांच्या सहीनं त्यांच्या मावशीचं छप्पर काढून घेतलं होतं.

त्यांना वाटलं, उठावं आणि ते प्रिंटर खिडकीतून खाली द्यावेत. पण त्या खोलीला खिडकी नव्हती.

दिराचं हार्डवेअरचं दुकान होतं. तो खिळे तोलत होता. मसुदाबाई त्याला लहानपणापासून काका म्हणत. त्यांनी काउंटरवर दस्त ठेवला.

"काका, हे काय आहे?"

"तुझंच लिखाण आहे, मला काय विचारतेस?" काकानं काटा सरळ केला. "मोबाइलवर विचारत गेलं, मी सांगत गेलो."

"तिथे प्रश्न होता. काही राखून ठेवायचं आहे का. तुम्ही 'नाही' लिहिलंत."

"मी काही लिहिलं नाही. 'नाही' आधीच ठरलेलं होतं. मी हात लावला नाही एवढंच."

हे खरं होतं. बहुतेक लोक काही राखत नाहीत, म्हणून मसुदाबाईंनीच तिथे 'नाही' आधीपासून निवडून ठेवलं होतं, लोकांचा वेळ वाचावा म्हणून.

"पण तुमचं तोंडी ठरलं होतं, काका. पुढची खोली तिची."

"ठरलं होतं ना, मी कुठे नाही म्हणतो?" काका शांतपणे म्हणाला. "पण घेणारा म्हणतो, पूर्ण घर पाहिजे. आता कागद असं म्हणतो, वहिनी असं म्हणतात. कागद तुझा, वहिनी तुझ्या मावशी. तू सांग कोण खोटं."

"काका, तुम्हाला लाज वाटत नाही?"

"वाटते की. पण दुकानाला छप्पर घालायचंय. लाज नंतर बघू." आणि वर म्हणाला, "तूच वाचून दाखवलंयस असं लिहिलंय ना खाली? मग झालं तर."

मसुदाबाई दुकानाबाहेर आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काकावर रागावण्यात फारसा राम नाही. काका चोर होता, पण दार त्यानं फोडलं नव्हतं. दार उघडंच होतं, आणि वर पाटी होती, 'आत या'.

दस्त मोडायचा एकच रस्ता होता. कुणीतरी शपथेवर सांगायचं की तो वाचून दाखवला नव्हता. आणि ते सांगू शकणारं माणूस एकच. मसुदाबाईंनी दोन दिवस टाळलं. दोन्ही दिवस घरी गेल्या तेव्हा मुलगी झोपलेली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिक्क्याचा कागद घेतला आणि प्रतिज्ञापत्र हातानं लिहिलं. प्रतिज्ञापत्राचा साचा होता, फार चांगला होता, त्यांनीच केलेला. त्याला हात लावला नाही.

मग जावईबापूंच्या खोलीत गेल्या. तिथे टेबलावर, भिंतीला टेकवून, नवी पाटी ठेवलेली होती. तीन नावं. तिसरं त्यांचं. पितळ इतकं घासलेलं की त्यात छताचा पंखा फिरताना दिसत होता.

"मुद्दाम तुमच्या डोळ्यांसमोर आज ठेवली," जावईबापू म्हणाले. "पुढच्या सोमवारी लावू. बसा. आणि ते मावशींचं कळलं मला. वाईट झालं. आपण त्यांना दुसरीकडे खोली बघून देऊ. फर्मच्या खर्चानं. शिवणयंत्र काय, कुठेही चालतं."

"सर, मी प्रतिज्ञापत्र केलंय."

"कसलं?"

मसुदाबाई उठल्या आणि दार लावलं. परत येऊन खुर्ची त्यांच्या समोर ओढली. "आपल्याकडे रीत होती. ज्याचा संबंध आहे त्याला वाचून दाखवायचं. मोठ्यानं."

"अहो बाई, द्या इकडे, मी वाचतो."

"घरी वाचतात म्हणे लोक. तुम्ही ऐका." आणि त्यांनी सुरुवात केली. आवाज चढला नाही. वाचनाचा आवाज होता, मागच्या खोलीतला. "कलम एक. मी या फर्ममध्ये दस्तांचे मसुदे करते. समजलं?"

"हे काय चाललंय?"

"समजलं का, सर? थोरल्या साहेबांच्या वेळी उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही."

"समजलं."

"कलम दोन. सोबतच्या दस्ताखाली 'मी वाचून दाखवला' असं छापलेलं असून त्याखाली माझी सही आहे. ते वाक्य आणि ती सही कागद तयार होतानाच आपोआप उमटतात. समजलं?"

उत्तर टेबलाखालून आलं, जावईबापूंचा बूट हलायला लागला. मसुदाबाईंनी तो पाहिला आणि तसल्या रागातही त्यांना थोरल्या साहेबांची आठवण आली.

"कलम तीन. मी तो दस्त वाचून दाखवला नाही. त्या वेळी मी वरच्या मजल्यावर होते. तो कुणीच वाचून दाखवला नाही."

"थांबा." त्यांनी हात पुढे केला. "तुम्हाला कळतंय का काय करताय? सही तुमची आहे. माझी कुठेच नाही. सगळ्या दस्तांखाली तुमचंच नाव. हे कोर्टात गेलं की पहिल्यांदा कोण बुडणार?"

"मी."

"वकिलीची सनद जाईल."

"कलम चार," मसुदाबाई म्हणाल्या. "ही सही साच्यात घालायला मीच दिली. हे चुकीचं आहे हे मला माहीत होतं. मी एकदा बोलले आणि मग गप्प बसले, कारण मला पाटीवर नाव पाहिजे होतं. समजलं?"

"हे कशाला लिहिलंत? याची गरज नाही."

"गरज नसलेलं मी कधी लिहिते का, सर? इतकी वर्षं माझे मसुदे बघताय."

जावईबापू खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर आता राग होता, पण तोही हिशेबी. "आणि बाकीचे? तुम्ही हे सांगितलंत की या साच्यातून गेलेला प्रत्येक माणूस उद्या उठून म्हणेल, मलाही वाचून दाखवलं नव्हतं."

"म्हणू दे. खरं तेच सांगेल."

"बाई, तुमच्या मावशीची एक खोली आहे. एक. तिच्यासाठी सगळी फर्म जाळताय."

मसुदाबाईंचा आवाज तिथे पहिल्यांदा फाटला. "माझी मावशी आहे म्हणून मला कळलं तरी. बाकी कितीजणांच्या मावश्या असतील, सर? त्यांच्या भाच्या इथे कामाला नाहीत." मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि स्वतःच्याच पेनानं, स्वतःच्याच हातानं, त्यांच्यासमोर सही केली. सुबक आली नाही. शेवटचा फराटा बाहेर गेला.

"मी वाचून दाखवला," त्या म्हणाल्या आणि दार उघडून बाहेर गेल्या.

पुढचं फार लांबलं नाही. प्रतिज्ञापत्राची प्रत मिळताच घर घेणारा मागे सरला. वादातलं घर कोण घेतो. काकानं आठवडाभर शिव्या दिल्या आणि मग नवा दस्त केला, पुढची खोली मावशी असेपर्यंत मावशीची. तो दस्त मसुदाबाईंनी लिहिला आणि मावशीच्याच खोलीत, शिवणयंत्राच्या फळीवर ठेवून वाचला. काकाला प्रत्येक कलमानंतर "समजलं" म्हणावं लागलं. तो सगळा वेळ भिंतीकडे बघत म्हणाला.

वकिलांच्या शिस्त समितीपुढे मसुदाबाई मावशीनं शिवलेल्या कोटातच गेल्या. समितीनं बोलावणं एकालाच धाडलं होतं, ज्याची सही होती त्याला. अध्यक्षांनी विचारलं, सही तुम्ही स्वतः दिलीत? हो. मग वर्षभर सनद बंद. जावईबापूंनी समितीला पत्र पाठवलं, फर्मला या प्रकाराचं अतीव दुःख आहे. पत्र साच्यातलं होतं; मसुदाबाईंनी पहिल्या ओळीतच ओळखलं. खेद व्यक्त करण्याचा साचा. 'अतीव' हा शब्द त्यांचाच.

फर्म काही जळली नाही. जुन्या अशिलांना फोन गेले, कुणाकुणाचे दस्त गुपचूप पुन्हा झाले, बरेचजण 'आता कुठे लचांड' म्हणून गप्प राहिले. मग जावईबापूंनी मागच्या खोलीतले प्रिंटर हलवले, तिथे चार खुर्च्या टाकल्या आणि दाराबाहेर सूचना लावली: 'आमचे खास वैशिष्ट्य: प्रत्येक दस्त अशिलास मोठ्याने वाचून दाखवला जातो. वाचन शुल्क वेगळे.' वाचायला एक नवीन मुलगी ठेवली आहे. भराभर वाचते, आणि पायांकडे बघायला तिला कुणी सांगितलेलं नाही.

मसुदाबाई आता रोज मुलगी जागी असताना घरी येतात. जावईबापूंनी वरून टाकलेली चिमूट तेवढी पदरात पडली. संध्याकाळी कधी मावशीकडे जातात. परवा विजेचं बिल आलं होतं. "भरून टाकते मी," म्हणून त्यांनी हात पुढे केला. मावशीनं बिल दिलं नाही. पायाखालचं यंत्र थांबवलं, चष्मा चढवला आणि म्हणाली, "आधी वाच. मोठ्यानं."

त्यांनी वाचलं, तारखेपासून शिक्क्यापर्यंत. मावशी प्रत्येक ओळीला मान हलवत होती आणि तिचा डोळा भाचीच्या पायांवर होता.

तर हिशेब असा. खोली मावशीकडे राहिली, दीर तुटला. काकाचं गिऱ्हाईक गेलं, घर राहिलं. पाटी दाराला लागली, दोनच नावांची. तिसऱ्या नावाची जागा इतकी घासली आहे की तिथे पितळ जास्तच चकाकतं. फर्मला वाचनाचं शुल्क सुरू झालं आणि ते अशिलांनी भरलं. मसुदाबाईंनी वर्षाची सनद भरली, ती परत मिळेल. आणि मावशीनं एक वाक्य भरलं, 'तुझा कागद मी वाचायचा?' ते काही परत यायचं नाही.